साठवणीचा मसाला पावसाळ्यात बिघडतो: लक्षणं, तपासण्या आणि कुठे थांबायचं

चैत्र-वैशाखात उत्साहाने केलेला वर्षाचा मसाला आषाढ-श्रावणात बिघडतो आणि दोष बरणीला किंवा पावसाला दिला जातो. बरणी क्वचितच दोषी असते. बहुतेक वेळा मसाला बरणीत जाण्याआधीच गडबड झालेली असते: मिरची पुरती वाळलेली नसते, धने नीट भाजलेले नसतात किंवा कुटून आणलेला मसाला गरम असतानाच भरलेला असतो. पाऊस ते फक्त उघड करतो. म्हणून हिंगाचे खडे आणि मिठाचे थर हे उपाय दरवर्षी केले जातात आणि दरवर्षी उशिराच पडतात.

पुढच्या तपासण्या मालवणी, घाटी, आगरी-कोळी, गोडा, काळा, कांदा-लसूण अशा कोणत्याही साठवणीच्या मसाल्याला लागू आहेत. क्रम फुकट आणि सोप्यापासून खर्चिक आणि अवघडाकडे आहे. मधली पायरी गाळू नका. कित्येकदा पहिल्या दोन तपासण्यांतच कारण सापडतं आणि दोन-तीन किलो चांगला मसाला फेकण्यापासून वाचतो.

लक्षणं

• तिखटपणा तेवढाच आहे, पण वास गेला.
• लाल रंग विटकरी किंवा मातकट झाला.
• गुठळ्या होतात, चमच्याने फोडाव्या लागतात.
• जुन्या तेलासारखा खवट वास येतो.
• जाळी धरली आहे, बारीक तपकिरी किडे दिसतात.
• भाजी-आमटीला रंग येत नाही, तवंग येत नाही.
• चव कडवट आहे.
• दाताखाली कचकच लागते.
• कुबट वास येतो, पांढरट, हिरवट किंवा काळे ठिपके दिसतात. हे लक्षण असेल तर बाकी तपासण्या सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

पहिल्या लक्षणाबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण त्यावरून नाहक घबराट होते. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन उडून जाणारं नाही. लवंग, वेलची, दालचिनी, धने यांतली सुगंधी तेलं मात्र उडणारी आहेत. त्यामुळे कुठलाही मसाला जुना होताना आधी वास जातो आणि तिखटपणा मागे राहतो. असा मसाला विषारी होत नाही. कोरडा असेल, खवट-कुबट नसेल तर तो फक्त अशक्त झालेला असतो. प्रमाण थोडं वाढवून वापरून टाका आणि पुढच्या वर्षी कमी करा.

१. बिघाड मसाल्यात आहे की वापरण्यात?

लहान कढईत दोन मोठे चमचे तेल तापवा, गॅस बंद करा, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि अर्धा चमचा मसाला टाका. काही क्षणांत तेल लाल झालं आणि वास घरभर आला, तर मसाला ठीक आहे. चूक स्वयंपाकात आहे.

मिरचीचा लाल रंग, तिचं तिखट, हळदीतलं कर्क्युमिन आणि जवळजवळ सगळे सुवास तेलात विरघळतात, पाण्यात नाहीच्या बरोबर. उकळत्या रश्शात वरून मसाला घातला की तो पाण्यात तरंगत राहतो, रंग सोडत नाही आणि मग ‘यंदा मिरचीच चांगली नव्हती’ असं वाटतं. कांदा तेल सोडायला लागला की आच मंद करा, मसाला घाला, अर्धा ते एक मिनिट परता, तळाला लागतोय असं वाटलं तर दोन चमचे गरम पाण्याचा हबका द्या आणि मगच वाटण घाला. कडकडीत तापलेल्या तेलात मात्र लाल मसाला काही सेकंदांत करपतो आणि भाजी कडू होते. कडवटपणाच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ एवढंच असतं.

गोड्या मसाल्याचं थोडं वेगळं आहे. त्यातले जिन्नस आधीच तेलात परतलेले असतात, त्यामुळे आमटीला उकळी आल्यावर घातला तरी चालतो. पण तो घालून आमटी वीस मिनिटं उघडी उकळत ठेवलीत तर वास वाफेबरोबर निघून जातो. शेवटच्या पाच-सात मिनिटांत घाला आणि झाकण ठेवा.

२. बरणीत नेमकं कुठे बिघडलंय?

ही तपासणी कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त माहिती हिच्यातूनच मिळते. लांब दांड्याचा पूर्ण कोरडा चमचा घ्या. बरणीच्या वरून, मधून आणि तळातून एकेक चमचा मसाला काढून पांढऱ्या ताटात शेजारी शेजारी ठेवा. दिवसा, खिडकीपाशी बघा.

फक्त वरचा थर फिका आणि खालचा लालभडक असेल, तर उजेड आणि हवा हे कारण. पारदर्शक बरणी ओट्यावर किंवा खिडकीसमोर असते तेव्हा असं होतं. वरचे दोन बोटं काढून आधी वापरा, बरणी अंधाऱ्या कपाटात हलवा. काम झालं.

गुठळ्या वरच्या बाजूला, तोंडाशी असतील तर वाफ किंवा ओला चमचा. उकळत्या पातेल्यावर बरणी धरून मसाला घालायची सवय हे याचं सर्रास कारण आहे. रोजच्या वापरासाठी मिसळणाच्या डब्यात आठवड्यापुरता मसाला काढा. मोठी बरणी आठवड्यातून एकदाच, गॅस बंद असताना उघडा.

गुठळ्या तळाला किंवा कडेने चिकटलेल्या असतील, तर बरणी धुऊन नीट वाळली नव्हती किंवा मसाला कोमट असताना भरला. गरम मसाल्याची वाफ थंड काचेवर किंवा चिनी मातीवर जमते आणि तिथेच मुरते.

सगळीकडे सारखाच ओलसर, सारखाच फिका, सारखाच बेचव असेल तर दोष साठवणीचा नाही. कच्चा माल, वाळवण किंवा भाजणी यांपैकी काहीतरी चुकलं आहे. पुढे चला.

३. ओल

कोरड्या काचेच्या बाटलीत दोन मुठी मसाला घाला, झाकण घट्ट लावा आणि उन्हाच्या खिडकीत तासभर ठेवा. मग सावलीत आणून दहा मिनिटांनी आतली बाजू बघा. धुकं किंवा बारीक थेंब दिसले तर मसाल्यात ओल आहे. हाताला कोरडा लागतो म्हणून तो कोरडा असतोच असं नाही; कांदा-लसूण मसाला तर तेलामुळे नेहमीच मऊ लागतो आणि फसवतो.

कुबट वास नसेल तर मसाला वाचवता येतो. एका वेळी दोनशे ग्रॅम, जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवत राहा. ओव्हन असेल तर साठ ते सत्तर अंशांवर पातळ पसरून अर्धा तास, दार किंचित उघडं ठेवून. पूर्ण गार झाल्यावर भरा आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवा. वास थोडा जाणारच.

कुटलेला मसाला पुन्हा उन्हात घालू नका. ऊन अख्ख्या जिन्नसांसाठी. पुडीचा पृष्ठभाग खूप मोठा असतो, त्यामुळे रंग आणि वास दोन्ही झपाट्याने जातात. आणि जुलैतल्या उन्हाच्या तिरिपेत हवा इतकी दमट असते की पुडी वाळण्याऐवजी ओलच धरते.

‘मीठ घातलं की टिकतो’ हा समज इथेच तपासून घ्या. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. घट्ट बंद, न उघडलेल्या बरणीत मिठाचा त्रास होत नाही, पण रोज उघडणाऱ्या बरणीत तेच मीठ ओल आत आणतं. कांदा-लसूण मसाल्याच्या कृतीतच मीठ असतं. ते कोरडं भाजून, गार करून घाला आणि मसाला लहान लहान बरण्यांत भरा.

फ्रिजबद्दलही असाच अर्धवट समज आहे. फ्रिजमध्ये मसाला टिकतो हे खरं, पण थंड बरणी बाहेर काढून लगेच उघडली की हवेतली वाफ थेट मसाल्यावर जमते. चार-पाच वेळा असं झालं की बाहेरच्यापेक्षा फ्रिजमधलाच मसाला आधी गुठळ्या धरतो. फ्रिजमध्ये ठेवायचा तर पाव किलोच्या बरण्या करा, एक काढली की तास-दोन तास बंदच बाहेर राहू द्या आणि मग उघडा. एकदा काढलेली बरणी परत आत ठेवू नका.

४. किडे आणि जाळी

पांढऱ्या कागदावर चार चमचे मसाला पातळ पसरा आणि उजेडात पाच मिनिटं न हलवता बघत राहा. पुडीवर रेघ उमटली, एखादा ढिगारा आपोआप हलला, तर आत अळी आहे. दोन-तीन मिलिमीटरचे, तांबूस तपकिरी, पाठीला कुबड असल्यासारखे दिसणारे किडे मसाल्यात सर्वात जास्त सापडतात. तंबाखूच्या कोठारांना लागतो तोच हा किडा. तिखट मिरचीची पूडही तो आरामात खातो. म्हणजे ‘तिखटाला कीड लागत नाही’ हे खरं नाही. मोठे किडे उजेडाकडे उडतात, म्हणून ते आधी खिडकीच्या चौकटीवर दिसतात आणि घरचे लोक मसाला सोडून खिडकी पुसत बसतात. जाळी असेल तर ती बहुधा पतंगाच्या अळीची.

अंडी येतात कुठून? बरणीचं झाकण सैल होतं म्हणून क्वचित. बहुधा ती धने, मिरची, बडीशेप, हळकुंड यांच्याबरोबर दुकानातूनच येतात. उबदार, दमट हवेत अंड्यापासून किडा व्हायला साधारण महिना-दीड महिना पुरतो. वैशाखात भरलेल्या मसाल्यात आषाढात किडे ‘अचानक’ दिसतात ते याच हिशेबाने. हिंगाच्या खड्याचा वास बाहेरून येणाऱ्या किड्याला थोडाफार अडवत असेल, पण आत आधीच असलेल्या अंड्यांचं तो काहीही बिघडवत नाही. कडक भाजणी किंवा फ्रीझर हेच त्यावर उपाय.

किडे दिसलेली पूड चाळून वापरू नका. मोठे किडे चाळणीत अडकतात, अंडी, विष्ठा आणि कात पुडीतच राहतात. ती बरणी फेकाच. शेजारच्या बरण्यांत काहीच दिसत नसेल तर त्या पिशवीत घट्ट गुंडाळून उणे अठरा अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. फ्रिजचा साधा कप्पा पुरत नाही. दरम्यान कपाट रिकामं करा. फळीच्या भेगा, खिळ्यांची भोकं, कागदाखालचे कोपरे ब्रशने काढा, शक्य असेल तर व्हॅक्यूमने ओढा. रवा, बिस्किटं, चहा, अगदी मांजराचं कोरडं खाणंही तपासा. हा किडा कागद आणि पातळ प्लास्टिक कुरतडून बाहेर पडतो.

५. खवटपणा

चिमूटभर मसाला बोटांत घट्ट चोळा आणि वास घ्या. जुनं तेल, रंगाचा डबा, साबण असा काही भास झाला तर मसाल्यातली चरबी खराब झाली आहे. ती चरबी येते सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि परतायला घेतलेल्या तेलातून. यावर उपाय नाही. पुन्हा भाजून खवटपणा जात नाही, उलट वाढतो.

पुढच्या वेळी खोबऱ्याची प्रत्येक वाटी फोडून आतून हुंगा आणि एक तुकडा चावून बघा. दहा वाट्यांतली एक खवट असली तरी सगळा मसाला तिच्या वळणावर जातो. आणि एक स्पष्ट सल्ला: वर्षाचा मसाला करताना खोबरं आणि तीळ त्यात घालूच नका. बाकी मसाला वर्षाचा करा, आणि दर दोन महिन्यांनी लागेल तेवढं खोबरं-तीळ ताजं भाजून, कुटून त्यात मिसळा. परंपरेला हे सोडून आहे असं काहींना वाटेल, पण चव परंपरेतलीच राहते आणि भाद्रपदात खवट गोडा मसाला फेकावा लागत नाही.

६. कच्चा माल

मिरची. देठ वाकवून बघा, तो टचकन मोडला पाहिजे. मिरची कानाशी हलवली की बी खुळखुळलं पाहिजे. मग पोत्यातून हाताला येतील त्या दहा मिरच्या उभ्या फाडा. बाहेरून सुंदर दिसणाऱ्या मिरचीच्या पोटात राखाडी-काळी बुरशी असू शकते, आणि ती फाडल्याशिवाय कळत नाही. दहात एक जरी तशी निघाली तरी तो माल घेऊ नका.

रंग कमी आला म्हणून मिरचीला नावं ठेवण्याआधी कोणती मिरची घेतली होती ते बघा. लाल म्हणजे तिखट हा समज चुकीचा आहे. कर्नाटकातल्या हावेरी भागातली सुरकुतलेली ब्याडगी, जिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. लवंगी तिखट, रंग बेताचा. संकेश्वरी तिखट आणि चवदार. एक किलो मिरचीत अर्धा किलो ब्याडगी, पाव किलो संकेश्वरी आणि पाव किलो लवंगी किंवा गुंटूर हे प्रमाण बहुतेक घरांना मानवतं. नुसती लवंगी घेऊन तवंगाची अपेक्षा ठेवू नका.

तिखट बियांत असतं असं समजून बिया झटकणारेही पुष्कळ. तिखट तयार होतं ते बिया जिला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. तिखटपणा कमी करायचा तर शिरा काढा. बिया काढल्याचा फायदा इतकाच की रंग थोडा गडद दिसतो.

विकतची पूड. पाण्याच्या ग्लासात मिरची पूड भुरभुरवली आणि रंगाच्या रेघा ताबडतोब खाली उतरू लागल्या, तर पाण्यात विरघळणारा रंग मिसळलेला आहे. चाचणी उपयोगी आहे, पण तिच्यात पास झाली म्हणजे पूड शुद्ध असा अर्थ काढू नका. सुदान गटातले, खाण्यात बंदी असलेले रंग तेलात विरघळतात, पाण्यात नाही. २००५ साली ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले ते मिरची पुडीतल्या सुदान-१ या रंगामुळेच. हळदीचंही तसंच. पिवळी चकचकीत दिसावी म्हणून वापरलेलं लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं संयुग, पाण्यात विरघळत नाही, म्हणून ग्लासातल्या चाचणीत सापडत नाही. बांगलादेशात हळकुंडांना ते चोळलं जात असल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून समोर आलं. अस्वाभाविक पिवळीजर्द, घासल्यावर बोटाला पिवळी भुकटी लागणारी हळकुंडं टाळा. घरी ॲसिड वापरून चाचण्या करत बसू नका.

काळी मिरी पाण्यात टाका. तरंगणाऱ्यांत पपईच्या बिया किंवा पोकळ दाणे असू शकतात; संशय आला तर फोडून बघा. जिरं तळहातावर चोळून हात काळा झाला तर ते जिरं नव्हे, रंगवलेलं बी. दालचिनी जाड सालीची, एकाच थराची असेल तर ती कॅशिया. आपल्या मसाल्यांत बहुधा तीच असते आणि त्या प्रमाणात ती चालते. पातळ पापुद्र्यांची गुंडाळी असलेली सिलोनची दालचिनी वासाला नाजूक, लाल मसाल्यात दबून जाते. तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

कचकच लागत असेल तर बहुतेक वेळा दगडफूल दोषी. हे फूल नाही. दगडांवर, झाडांच्या सालींवर वाढणारा तो एक शैवाक (बुरशी आणि शेवाळ यांची जोडी) आहे आणि येताना माती-सालपटं घेऊन येतो. धुऊ नका, ओल राहते. चाळणीत घेऊन दोन्ही हातांनी चुरडत चाळा, खालची राखाडी माती फेका, सालीचे तुकडे वेचा. तिरफळ वापरत असाल तर आतली काळी बी काढून फक्त टरफल घ्या. बी कुटली की कडू आणि कचकचीत लागते.

परदेशातल्या मराठी घरांत ‘मसाला तसाच केला पण वास तसा नाही’ ही तक्रार येते तेव्हा आधी तमालपत्र बघा. आपल्या तमालपत्राला देठापासून टोकापर्यंत तीन लांब शिरा असतात आणि वास दालचिनीच्या वळणाचा असतो. तिथल्या सुपरमार्केटात मिळतं ते लॉरेलचं पान, मधे एकच शीर, वास निलगिरीकडे झुकणारा. तसंच ‘काळं जिरं’ लिहिलेल्या पुडीत पुष्कळदा कलौंजी असते. शहाजिरं बारीक, लांबट, किंचित बाकदार असतं. कलौंजी काळी, टोकेरी, कोनदार. दाणा बघून घ्या, लेबल वाचून नको.

७. वाळवण आणि भाजणी

इथून पुढचं यंदाच्या मसाल्याला उपयोगी नाही, पुढच्या वर्षासाठी आहे. पण खरा बिघाड बहुतेक वेळा इथेच असतो.

मिरचीला कडक उन्हाचे दोन-तीन दिवस, धन्याला एक-दोन दिवस. वर पातळ सुती कापड टाका. किनारपट्टीवर चार वाजल्यानंतर हवा दमट व्हायला लागते, तेव्हा त्याआधीच सगळं आत घ्या आणि झाका. रात्री गच्चीवर राहिलेली मिरची आदल्या दिवशीचं वाळवण गमावून बसते.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा. एकत्र भाजले की खसखस करपते तेव्हा धने कच्चेच असतात. धने एका वेळी पाव किलो, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. रंग एक छटा गडद व्हावा आणि बोटात दाबल्यावर दाणा चुरचुरीत फुटावा. वाकला, दबला तर अजून भाजा. तीळ तडतडायला लागले की लगेच काढा, खसखस दोन मिनिटांत. दगडफूल आणि तमालपत्र चमचाभर तेलात परतल्याशिवाय वास सोडत नाहीत. मिरची नुसती गरम होऊन कुरकुरीत होईल एवढीच; काळे डाग पडले तर ती मिरची बाजूला काढा, कारण एका करपलेल्या मुठीने पूर्ण मसाला कडवट होतो. लवंग जास्त झाली तरी कडवटपणा येतो: एक किलो मिरचीच्या मसाल्यात पंचवीस ग्रॅमच्या पुढे जाऊ नका.

कांदा-लसूण मसाल्यात कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर यांचं पाणी पूर्ण जायला हवं. कांदा उभा पातळ चिरून दोन दिवस वाळवा आणि मग तळा. बोटात मोडला पाहिजे. लसूणही कुरकुरीत. मऊ राहिलेला लसूण घालून केलेला मसाला बाहेर ठेवू नका, आणि टिकावा म्हणून त्यावर तेलाचा थर तर मुळीच ओतू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि ओल्या लसणात हवेशिवाय वाढणारे बोट्युलिझमचे (स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचे) जंतू घर करू शकतात. त्याचं विष वासाने किंवा रंगाने ओळखता येत नाही. असा मसाला फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा किंवा लहान डब्यांत फ्रीझरला टाका.

८. कुटणं आणि भरणं

भाजलेले जिन्नस पूर्ण गार झाल्याशिवाय डंकावर नेऊ नका. डंकाच्या ठोक्यांत मसाला वेगाने फिरणाऱ्या यंत्रापेक्षा कमी तापतो, म्हणून लालबागच्या मिरची गल्लीत एप्रिल-मे महिन्यांत आजही लोक रांगा लावून उभे राहतात. कुठेही कुटा, आधी कोणाचा आणि कसला मसाला झाला ते विचारा. पहिली दोन-तीन मुठींची पूड वेगळी काढून घ्या. मागच्याचा उरलेला माल त्यात असतो. घरच्या मिक्सरवर करत असाल तर अर्धा मिनिट फिरवा, एक मिनिट थांबा. भांडं हाताला गरम लागलं की वास उडायला सुरुवात झाली असं समजा.

आणलेला मसाला हाताला गरम लागतो. कोरड्या कागदावर पसरा, कापडाने झाका, रात्रभर निवू द्या. बरणी धुऊन उन्हात दोन दिवस, झाकणाचं रबरही वेगळं काढून. मसाला थरथर दाबून भरा, मधे हवा ठेवू नका. पाच किलोच्या एका बरणीपेक्षा अर्ध्या किलोच्या दहा बरण्या केव्हाही चांगल्या: एक बिघडली तरी नऊ सुरक्षित राहतात.

कुठे थांबायचं

बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर पूर्ण बरणी फेका. वरचा भाग काढून, ऊन दाखवून, भाजून वापरू नका. भाजल्याने बुरशी मरते, पण काही बुरशींनी तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष घरच्या भाजणीच्या तापमानाला नष्ट होत नाही. चाखूनही बघू नका.

कपाट साफ करून, फ्रीझरचा उपाय करून दोन महिन्यांनी पुन्हा किडे दिसले तर ते लाकडात, भिंतीच्या भेगांत किंवा शेजारच्या घरात आहेत. कीड नियंत्रण करणाऱ्या माणसाला बोलवा, अन्न ठेवायचं कपाट आहे हे आधी सांगा. झुरळांचा फवारा स्वतः मसाल्याच्या कपाटात मारू नका.

शिसं, सुदान रंग, अफ्लाटॉक्सिन यांचा संशय असेल तर घरगुती चाचण्या थांबवा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना द्या आणि काय तपासायचं ते नावाने सांगा. ‘भेसळ बघा’ एवढंच म्हटलं तर हव्या त्या चाचण्या होत नाहीत. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. माल दोषी निघाला तर शुल्क परत मिळतं. घेतलेलं पाकीट, बॅच क्रमांक आणि बिल जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. घरात लहान मुलं किंवा गर्भवती असेल आणि संशयित हळद बराच काळ वापरात असेल, तर रक्तातल्या शिशाची तपासणी करायची का हे डॉक्टरांना विचारा.

मसाला खाल्ल्यावर ओठ-घसा सुजणं, श्वास लागणं, अंगावर गांधी उठणं असं झालं तर लगेच दवाखाना गाठा. तीळ, मोहरी, धने यांचीही ॲलर्जी असते. लसणाचा ओलसर मसाला खाल्ल्यानंतर दुहेरी दिसणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास होणं सुरू झालं तर रात्र न काढता मोठ्या रुग्णालयात जा आणि उरलेला मसाला बंद पिशवीत बरोबर न्या.